सगळ्यांना विचारून

आमच्या घरी कोणतीही गोष्ट सगळ्यांना विचारून ठरायची. अमरावतीत आमच्या मजल्यावरच्या बायकांना मी हे सांगते तेव्हा त्यांना मोठं नवल वाटतं. "काय सांगता काकू, त्या काळी? बायकांनाही विचारायचे?" विचारायचे ना. बायकांना विचारायचे, माझ्यासारख्या शेंबड्या पोरीलाही विचारायचे. माझे बाबा त्या बाबतीत गावात नावाजलेले होते. हिवरखेडहून रेंगीनं, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीनं, जावं लागे असं आमचं गाव. तिथे बाकीच्या घरांत कर्ता माणूस ओसरीवरून हुकूम सोडायचा आणि आतली माणसं तो पाळायची. आमच्याकडे तसं नव्हतं. जेवणं झाली की बाबा ओसरीवर बसत, अडकित्ता काढत आणि सुपारी कातरता कातरता म्हणत, "यंदा खालच्या वावरात तूर टाकावं म्हनतो मी. तुमाले काय वाटते?" मग एकेकाला नाव घेऊन विचारत. आधी मायला, मग आमच्या गोदाआत्याला, मग दादाला, मग मला. दादाचं लग्न झाल्यावर सगळ्यांत शेवटी वहिनीला. अडकित्ता कट् कट् वाजत राहायचा आणि आम्ही एकामागून एक सांगत जायचो, की हो, खालच्या वावरात तूरच बरी.

सगळ्यांचं एकच निघालं की बाबांचा चेहरा खुलायचा. "पाहा, कसं एका विचाराचं घर हाय," म्हणायचे. त्यांना खरंच वाटायचं की हे आम्ही सांगितलं. आणि खोटं कशाला बोलू, आम्हालाही तसंच वाटायचं. आपण बाबांच्या भीतीनं बोललो असं मला तेव्हा कधी वाटलं नाही, कारण बाबा रागीट नव्हतेच. ते आधी बोलायचे एवढंच. त्यांनी तूर म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे तूर डोलायला लागायची. ज्वारी म्हणाले असते तर ज्वारी डोलली असती. माझी शाळा सातवीला सुटली, पुढचं जे काही वाचलं ते घरी येणाऱ्या कागदाच्या पुड्यांवर आणि नंतर अमरावतीच्या वाचनालयात. पण माणूस आपलं मत कुठून आणतो, हे मला पुस्तकात सापडायच्या आधी त्या ओसरीवर सापडायला हवं होतं. ते सापडलं, पण फार महाग पडलं.

गोदाआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. जीभ तिखट, मन लोण्याचं, आणि जात्याची घरघर चालू असली तरी तिचा आवाज वर ऐकू यायचा असा गळा. तिला एकच खोड होती, घाबरायची. हे सगळं घडलं त्याच्या आदल्या वर्षी बाबांच्या पोटात दुखलं तर तिनं रडून आकांत केला, गाव गोळा केलं, दादाला रेंगी जुंपायला लावून बाबांना अकोल्यापर्यंत नेलं. तिथल्या डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, रात्री काय खाल्लं विचारलं आणि पाचक देऊन परत पाठवलं. आदल्या रात्री बाबांनी रोडगे आणि वांग्याची भाजी पोट फुटेस्तोवर खाल्ली होती! तेव्हापासून गावात कोणाला शिंक आली तरी लोक म्हणायचे, "गोदाबाईले बोलवा, अकोल्याले न्या." आत्याही हसायची. हसायची, पण तिच्या बोलण्याचं वजन त्या दिवशीच गेलं होतं.

वहिनी धामणगाव रेल्वे या स्टेशनाच्या गावची. सुशीला तिचं नाव. तिचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणत, तिथल्या धान्याच्या अडतीत कामाला होते, आणि घरात तीन मुली. वहिनी थोरली. आमच्याकडे आली तेव्हा माझ्याहून फार मोठी नव्हती; माझ्यासोबत चिंचा खायची, विहिरीवर पाणी शेंदताना गाडीच्या शिट्टीची नक्कल करायची, कारण आमच्या गावात गाडी ऐकू येत नाही याचं तिला वाईट वाटायचं. ज्वारीची भाकर ती इतकी पातळ थापायची की उजेडासमोर धरावी. जवसाची चटणी तिच्या हातची. अंबाडीच्या भाजीला वरून लसणाचं तेल घालायची, तो चर्र आवाज झाला की दादा वावरातून आलेला असला तर हात न धुताच पाटावर येऊन बसायचा.

तिची एक सवय मात्र आत्यानं पहिल्या महिन्यातच ओळखली होती. माय विचारायची, "सुशीला, वरनात मीठ बरोबर हाय काय पाय बरं." वहिनी पळीतलं वरण तळहातावर घ्यायची, चाटायची, आणि उत्तर द्यायच्या आधी मायच्या तोंडाकडे बघायची. मायच्या कपाळावर आठी असली तर म्हणायची, "थोडंसं कमी वाटते जी." माय निवांत असली तर, "बरोबर हाय."

आत्या म्हणायची, "काय वं पोरी, मीठ वरनात हाय, सासूच्या तोंडावर काय पायतं?"

चुलीपाशी सगळ्या हसायच्या. वहिनी पदर तोंडाला लावून सगळ्यांत जास्त हसायची. वाईट वागवायचो आम्ही तिला, असं कोणी समजू नये. माय तिला स्वतःच्या ताटातलं तूप द्यायची. पण नव्या घरात आलेली मुलगी अशीच जगते. आधी चेहरे वाचायला शिकते, मग चव घ्यायला.

कापूस फुटण्याचे दिवस होते. सगळं वावर पांढरं झालेलं आणि त्या दिवशी नेमकं आभाळ भरून आलेलं. फुटलेल्या कापसावर पाणी पडलं तर काय होतं ते वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. माय आदल्या संध्याकाळीच गावात फिरून वेचणीच्या बाया सांगून आली होती. वहिनी दिवस उजाडण्याच्या बेताला उठली, चूल पेटवायला म्हणून मागच्या वाड्यात गेली. तिथे पऱ्हाट्यांचा ढीग असायचा. कापूस निघून गेला की उरलेली झाडं उपटून वाळवतात, त्या पऱ्हाट्या. वर्षभर आमच्या चुली त्यांच्यावरच जळायच्या. वहिनीनं ढिगातून ओढून कवळाभर पऱ्हाट्या आणल्या, चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं आणि मग आत्याला हात दाखवून म्हणाली, "आत्याबाई, काडी टोचली वाटते."

मनगटाच्या वर, आतल्या बाजूला. सूज नाही, रक्त नाही. बारीकसं काहीतरी. पऱ्हाटीची काडी टोचते तेव्हाही तसंच दिसतं. आमच्या सगळ्यांचे हात तसल्या खुणांनी भरलेले असत.

आत्यानं हात चुलीच्या उजेडात धरला आणि तिचा चेहराच उतरला. "काडी नोय हे. पान लागलं हिले," ती म्हणाली. आमच्याकडे साप चावला असं तोंडानं उच्चारत नाहीत, पान लागलं म्हणतात. "वसंता! अरे वसंता, रेंगी जुप! अकोल्याले न्या हिले, तिथं सुई भेटते!"

वसंता म्हणजे दादा. तो धावत आला, बाबा आले, शेजारची दोन-चार माणसं आली. तोवर वेचणीच्या बायाही अंगणात येऊन बसायला लागल्या होत्या, वेचलेला कापूस भरायच्या ओट्या कमरेला बांधून. माय चहाचं भांडं उतरवत म्हणाली, "तुमाले तं उठल्या उठल्या अकोला दिसते, बाई." अंगणात कोणीतरी हसलं. दादाही किंचित हसला. मी त्याला दोष देत नाही. त्या हसण्यानं सगळ्यांचाच जीव जरा खाली पडला. भीती वाटत असताना कोणी हसलं की माणूस त्या हसण्याला धरून बसतो.

बाबांनी वहिनीचा हात पाहिला. "सूज नाई," म्हणाले. "दुखून राहिलं काय?"

"नाई जी."

"साप दिसला?"

"अंधार होता जी."

"मले वाटते काडीच होय," बाबा म्हणाले. "तरी पाला देऊन पाहू."

हा पाल्याचा प्रकार आता शहरात कोणाला माहीत नसतो. कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर अंगात विष नाही, कडू लागला नाही तर विष चढलं. आमच्याकडे बाप-आज्यापासून असंच पाहायचे आणि त्यावर कोणी शंका घेत नसे. दादानं दारातल्या निंबाची डहाळी तोडून आणली. वहिनीला ओसरीच्या खांबाला टेकवून बसवलं. तिनं पाला तोंडात घातला आणि चावायला लागली.

सगळे तिच्याकडे बघत होते. अंगणातल्या बाया उभ्या राहून बघत होत्या. बैलांच्या गळ्यातली घुंगरं मधूनच वाजत होती आणि आभाळ डोक्यावर आलं होतं.

"कडू लागते काय, बाई?" बाबांनी विचारलं.

वहिनी चावत राहिली. तिनं बाबांकडे पाहिलं, मग मायकडे, मग दादाकडे. तिघांच्याही चेहऱ्यावर एकच गोष्ट लिहिलेली होती. मग ती म्हणाली, "लागते."

अंगणानं एकदम श्वास सोडला, असा की मला तो ऐकू आला. बाबांनी त्यांच्या रीतीप्रमाणे तेव्हाही सगळ्यांना विचारलं. "कडू लागते मनते. म्हंजे काडीच होय. काय मनता?" माय म्हणाली काडीच. शेजारचा म्हातारा म्हणाला, "पान लागलं असतं तं आतावरी फेस आला असता." दादा म्हणाला, "हो, काडीच असन." बाबा आत्याकडे वळले.  मग तीही म्हणाली, "मागच्या खेपेलेही मी उगाच घाबरली होती." एवढंच. आपण चुकतो हे तिला सगळ्यांनी वर्षभर हसत हसत सांगितलं होतं आणि तिला ते पटलं होतं. वहिनीला विचारायचं राहूनच गेलं.

दादा रेंगी जुंपून बायांना वावरात घेऊन गेला. रेंगी हिवरखेडच्या रस्त्याला लागायची ती खालच्या वावराला वळली.

नंतरचं सगळं हळूहळू झालं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं नाही असंही नाही. प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं. वहिनीच्या पोटात कळा यायला लागल्या, माय म्हणाली, उपाशी पोटी पाला खाल्ला म्हणून. तिनं ओवा दिला. वहिनी म्हणाली डोळे उघडे राहत नाहीत. तर पहाटे उठली आहे, झोप आली असणार. आत्यानं गोधडी टाकून दिली. मी पाणी घेऊन गेले तर तिला ते गिळता येईना, ओठांच्या कोपऱ्यातून गळालं. ती काहीतरी म्हणाली, तेही मला नीट कळलं नाही, जीभ जड झाली होती. मी मायला हाक मारली. माय आली, पापण्या वर करून पाहिल्या, आणि तेव्हा पहिल्यांदा तिच्या हातातली पळी खाली पडली.

बाबा स्वतः वावराकडे पळत गेले. त्यांना पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. रेंगी आली, वहिनीला तिच्यात निजवलं, दादानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. आत्या रेंगीमागे वेशीपर्यंत धावत गेली. अकोल्याच्या रस्त्याला लागण्याआधीच वहिनीचा श्वास थांबला. रेंगी परत आली तेव्हा पाऊस पडत होता आणि अर्धा कापूस वावरात भिजत होता.

आता मी जे सांगते ते मला आयुष्यभर कोडं वाटलं. इतकं झाल्यावर तरी घरात कोणी म्हणेल ना की साप होता? कोणी म्हटलं नाही. उलट जे सकाळी "असन" होतं ते संध्याकाळी पक्कं झालं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला माय रडत रडत सांगायची, "पाला कडू लागला होता जी तिले. आमी सगळ्यायनं इचारलं." मग पोटातच काही होतं, मग हृदयच कमजोर होतं, मग कोणाची तरी नजर. ज्याला जे सापडलं ते तो बोलला, साप सोडून. मी तेव्हा समजायचे की हे लोक खोटं बोलत आहेत. खोटं नव्हतं ते. साप होता असं मानलं तर रेंगी खालच्या वावराला वळवणारे हात आपले होते हेही मानावं लागलं असतं, आणि तेवढं ओझं घेऊन दुसऱ्या दिवशी भाकर कोण थापणार?

पुष्कळ वर्षांनी अमरावतीला एका डॉक्टरीणबाईंना मी विचारलं होतं. माझ्या मनात तोवर एकच घोळत होतं, की वहिनीला पाला खरंच कडू लागला की आमची तोंडं बघून ती तसं म्हणाली. त्या बाई म्हणाल्या, "काकू, विष चढलं तरी पाला कडूच लागतो. त्यावरून काहीच कळत नाही." मी घरी येऊन कितीतरी वेळ चप्पल न काढता बसून राहिले. ती खरं बोलली होती की नाही, यानं काही फरकच पडणार नव्हता. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला प्रश्नच भलता विचारला होता, आणि उत्तर मनासारखं आलं म्हणून समाधानानं कामाला लागलो होतो.

तेरवीच्या दिवशी मागच्या वाड्यात मोठ्या चुली मांडल्या. वडे, कढी, वरण, सगळ्या गावाचं जेवण. तात्या धामणगावहून आले होते, खांद्यावर पंचा, ओसरीच्या कडेला बसलेले. सरपण लागलं तशी गड्यांनी पऱ्हाट्यांचा ढीग उपसायला घेतला. तळाशी आले आणि एकदम ओरडा झाला. दादानं लाठी घेतली. मी धावत गेले तोवर तो मेलेला होता. काळा कुळकुळीत, निळसर चमकणारा, आणि अंगभर पांढरे आडवे पट्टे. मण्यार. वऱ्हाडातलं चालायला लागलेलं पोरही मण्यार ओळखतं.

सगळे गोल करून उभे राहिले.  कढीला उकळी येऊन ती उतू जात होती, तरी कोणी हललं नाही. बाबा पुढे झाले, वाकून बघितलं, आणि म्हणाले, "धामन होय."

धामण बिनविषारी. धामण पिवळट, वावभर लांब, तिच्या अंगावर असे पट्टे नसतात.

"काय गा?" बाबांनी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं. "हो, धामनच," तो म्हणाला. गडी म्हणाले, धामन. दादा त्या पट्ट्यांकडे बघत राहिला आणि मग तोही अगदी हळू म्हणाला, "धामन असन." शेवटी बाबांची नजर तात्यांवर गेली. तात्या कधीतरी ओसरीवरून उठून आले होते. त्यांनी साप पाहिला. खूप वेळ पाहिला. "धामनच होय जी," ते म्हणाले.

आत्या तोंडावर पदर घेऊन आत निघून गेली. थोड्या वेळानं तात्या हात धुवायला आडोशाला आले तेव्हा ती त्यांच्या हातावर पाणी ओतत होती आणि मी तांब्या भरून देत होते. आत्या म्हणाली, "तुमी तं बाप होय तिचे. तुमी ओळखली नाई काय जी?"

तात्यांनी हात पंच्याला पुसले. "ओळखून काय करू, बाई? ती गेली. घरी तिच्या पाठची कमल हाय अजून. तुमच्या भावानं सकाळीच तिची गोष्ट काढली. जमीनजुमला हाय, पोरगा चांगला हाय. या घरात मी आज मण्यार मनलं, तं कमल कोनाले देऊ?"

आणि ते पंगतीत जाऊन बसले. वडा वाढला तो त्यांनी खाल्ला, कढी घेतली. मी बघत होते.

लोक म्हणतात माणूस आधी विचार करतो आणि मग ठरवतो. मी एवढं आयुष्य काढलं, आमच्या सोसायटीच्या बैठकीतही बसते, फोनवर येणारं भलतंसलतं खरं मानणारे शिकलेले लोकही बघते; मला तरी उलटंच दिसलं. आधी ठरलेलं असतं. डोळ्यांना मग तेवढंच दिसतं.

कमल वहिनी पुढच्या उन्हाळ्यात घरात आली. बहिणीच्याच मंगळसूत्राचे मणी ओवून घातले होते तिला. ती कमी बोलायची, गाडीच्या शिट्ट्या वगैरे कधी नाही. पहिल्या दिवशी सकाळी चूल पेटवायला निघाली तर मी तिच्या मागोमाग गेले, मला राहवेना. ढिगापाशी एक जाड काठी टेकवून ठेवलेली होती, नवी, कोणीतरी मुद्दाम तासून ठेवलेली. तिनं ती उचलली, ढिगावर जोरानं आपटली, थांबली, पुन्हा आपटली आणि मग पऱ्हाट्यांना हात घातला. तिला हे कोणी सांगितलं असं मी विचारलं तर म्हणाली, "कोनी नाई. काठी होती."

घरात त्या काठीबद्दल एक शब्द कधी निघाला नाही. माय आपटायची, आत्या आपटायची. आमच्याकडे धामणच निघाली होती, हे सगळ्यांना मान्यच होतं.

पावसाळा तोंडावर आला तेव्हाची गोष्ट. मला लवकर जाग आली आणि मागून आवाज आला, धप्, धप्. कमल वहिनी अजून निजलेली होती. मी दारातून पाहिलं. बाबा होते. धोतराचा सोगा खोचून, दोन्ही हातांनी काठी धरून ते ढिगाच्या चारी बाजूंनी फिरत होते आणि मारत होते, एखाद्या माणसाला मारावं तसे. दम लागला तसे थांबले, वळले, तर मी उभी.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्यांचा चेहरा घामानं भिजला होता, की कशानं, मला सांगता येणार नाही.

"उंदरं लय झाले," बाबा म्हणाले. आणि मग, नेहमीच्या सवयीनं, "नाई काय वं?"

मी काही बोलले नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. काठी होती तिथे नीट टेकवून ठेवली आणि एक कवळ पऱ्हाट्या स्वतः उचलून चुलीपाशी नेऊन टाकल्या, बाया उठायच्या आत.